यंदाचं सर्वांत वाईट

भाऊजी गेल्याची तार आली तेव्हा मी अमरावतीला वर्गात त्रैराशिक शिकवत होतो. शिपायाने दारातूनच कागद पुढे केला. मी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि फळ्यावरचं उदाहरण पूर्ण केलं. मनात पहिला विचार आला तो असा, की आता यंदाचं सर्वांत वाईट पिक्चर कोण सांगणार? सख्ख्या बहिणीचं कुंकू पुसलं गेलं आणि याला सिनेमा सुचतो, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. भाऊजींना ओळखणाऱ्या अकोल्यातल्या कोणालाही विचारा, त्याच्या मनात दुसरं काही आलं नसणार.

या पुरवणीच्या संपादकांनी मला 'चार हळवे शब्द' लिहायला सांगितलं आहे. माझ्याजवळ ते नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण वामनरावांनी, म्हणजे माझ्या भाऊजींनी, हा नियम मेलेल्यांसाठीही पाळला नाही आणि जिवंतांसाठी तर नाहीच नाही. त्यांच्यावर मी गोड लिहिलं तर ते वर बसून अडकित्ता वाजवतील. तो माणूस मला आवडत नव्हता. त्याच्या शेजारी बसून सिनेमा पाहणं मात्र मला आयुष्यात दुसऱ्या कशापेक्षाही जास्त आवडलं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा खऱ्या असू शकतात हे मला गणित शिकवूनही सुटलेलं नाही.

भाऊजी अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून होते. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढे दगडी ओटा. अंगाने किडकिडीत, नाक लांब, आणि उजव्या हातात सदा अडकित्ता. नवं पिक्चर लागलं की पहिल्या दिवशी संध्याकाळचा खेळ, दाराजवळची शेवटच्या रांगेतली खुर्ची, हे ठरलेलं. कचेरीतले तायडे शेजारी असायचे. अंधार झाला की भाऊजींचा अडकित्ता सुरू व्हायचा. पिक्चर बरं असलं तर सावकाश, कट्… कट्. बिघडायला लागलं की घाईघाईने. पुढच्या रांगांतली माणसं पडद्याकडे डोळे आणि मागे कान लावून बसायची. एकदा एका पौराणिक पिक्चरमध्ये देव प्रकट झाले तेव्हा लोकांनी नेहमीप्रमाणे चपला काढल्या, हात जोडले, आणि नेमका त्याच वेळी मागून अडकित्ता असा काही कडाडला की अर्ध्या टॉकीजला हसू फुटलं. देवाची मिशी एका बाजूने सुटली होती. ती सगळ्यांनाच दिसली होती, पण अडकित्ता वाजेपर्यंत कोणी हसायची हिंमत केली नव्हती.

त्यांचं वर्ष पोळ्याला संपायचं. आमच्या वऱ्हाडात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करून झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या चार-दोन ओळी. त्यात कोणाची तरी रेवडी उडवायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हर हर महादेव करायचं. कोणी सावकारावर म्हणतो, कोणी व्याह्यावर. भाऊजी पिक्चरवर म्हणायचे. पोळा फुटला की बैल घरोघर पूजेला निघतात. जुन्या शहरातल्या कास्तकारांच्या जोड्या भाऊजींच्या ओट्यापुढे मुद्दाम थांबायच्या. ताई बैलांचे पाय धुवायची, पुरणपोळीचा घास द्यायची, आणि भाऊजी ओट्यावर उभे राहून आधी वर्षातलं सर्वांत चांगलं पिक्चर सांगायचे, मग सर्वांत वाईट. चांगलं साध्या बोलण्यात. वाईट झडतीत. लोक चांगल्यासाठी थांबत नसत हे सांगायला नको.

तायडेंनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. तेव्हापासून ते तोरणाखाली येत नसत आणि महादेवाचा गजरही करत नसत. पण निकाल ऐकल्याशिवाय त्यांना चैन कुठे पडायला? रस्त्यापलीकडे सायकल धरून उभे राहायचे, ऐकायचे, आणि बैल पुढे गेले की चहाला आत यायचे. भाऊजींना तोंडावर 'हे तुमचं चुकलं' म्हणणारा अख्ख्या अकोल्यात तो एकच माणूस होता.

निवड कशी करायचे म्हणाल, तर काही धरबंध नव्हता. एका वर्षी त्यांनी एक मारामारीचं पिक्चर सर्वांत चांगलं ठरवलं, कारण त्यातला घोडा. "साऱ्या पिच्चरात तेवढ्यानंच नाटक नाई केलं," म्हणाले. एका वर्षी म्हणाले, "यंदाचं सर्वांत चांगलं, इंटरवल." आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते ताईला आणि मला कौंडण्यपूरच्या जत्रेला घेऊन गेले होते. तिथे तंबूत सिनेमा होता. समोरची बाजू भरली होती, म्हणून आम्ही पडद्याच्या पाठीमागे मातीत बसलो. मागून सगळं उलटं दिसतं. राजा डाव्या हाताने तलवार चालवत होता, भटजी डाव्या हाताने अक्षता टाकत होता, आणि ताई हसून हसून भाऊजींच्या खांद्यावर पडत होती. मी तिला तसं हसताना नंतर पाहिलं नाही. त्या पोळ्याला भाऊजींनी तेच पिक्चर सर्वांत चांगलं म्हणून जाहीर केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "त्यात सारे डावरे होते." ताई दाराआड उभी होती, ती लाजून आत पळाली.

हे एवढं एक चांगलं सांगून झालं. आता पुढचं.

आमच्या गल्लीतला, म्हणजे भाऊजींच्या गल्लीतला, भगवान नावाचा शिंप्याचा मुलगा मुंबईला पळून गेला होता आणि एका पिक्चरमध्ये पोलीस होऊन आला होता. एकच प्रसंग. दार ठोठावायचं, 'घरात कोण आहे?' विचारायचं, संपलं. पिक्चर अकोल्यात लागलं तेव्हा त्याच्या बापाने गल्लीत पेढे वाटले. भाऊजींनी पेढा खाल्ला, पिक्चर पाहिलं आणि पोळ्याला त्याच पिक्चरला वर्षातलं सर्वांत वाईट ठरवलं. झडती सगळी त्या पोलिसावर. इतकं वाईट दार कोणी ठोठावत नाही, आतली माणसं हसू आवरत बसली असतील, अशा अर्थाची. भगवान समोर उभा होता. नवा बुशकोट घालून आला होता. लोक पोट धरून हसले, त्याचा बापही हसला, कारण न हसून करतो काय? भगवान परत मुंबईला गेला नाही. त्याने सायकलचं दुकान टाकलं. पुढे कितीतरी वर्षं पोरं त्याच्या दुकानाच्या फळीवर टकटक करून 'घरात कोण आहे?' म्हणत पळायची. भाऊजींना मी विचारलं, "काहून केलं असं?" तर म्हणाले, "म्या त्याले वाचवलं, मास्तर. तथी उपाशी मेला असता." खरंही असेल. पण वाचवताना त्यांना मजा फार आली होती.

घरात काही वेगळं नव्हतं. ताईला मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनाही होतं असं मी धरून चालतो. पण कोणी पाहुण्याने पोरंबाळं किती विचारलं की भाऊजी ताईसमोर म्हणायचे, "आमचं पिच्चर इंटरवलच्या पुढं गेलंच नाई." पाहुणा हसायचा. ताई चहाच्या कपबशा उचलायची.

तरी ती त्यांच्याबरोबर सिनेमाला जायची, दर नव्या पिक्चरला. बायकांचा वर्ग वेगळा, बाजूला, लाकडी कठड्याच्या पलीकडे. मध्यंतरात भाऊजी तिथल्या दारवालीच्या हाती शेंगदाण्याची पुडी पाठवायचे. पुडी कोणाची हे दारवालीला सांगावं लागत नसे. घरी येताना मात्र तिने पिक्चरबद्दल काही बोललेलं त्यांना खपत नसे. "तुमाले काय कळते, तुमी रडाले जाता," एवढ्यावर विषय संपायचा. आणि खरंच ती रडायला जायची. रडायला तिला घरात जागा नव्हती.

आता ते दाराचं पिक्चर. त्याचं नाव मी देत नाही. अकोल्यात त्याला कोणी नावाने ओळखतही नाही. गोष्ट साधी. नवरा बायकोचा चारचौघांत अपमान करतो, खोटं ठरवतो, आणि ती घर सोडून जाते. ताईने ते अमरावतीला पाहिलं. आईचं दुखणं होतं म्हणून ती पावसाळ्यात आमच्याकडे आली होती, आणि माझी बायको तिला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले, पण चेहरा असा, की काहीतरी मिळाल्यासारखा. "शेवट पाह्यजो तू," एवढंच मला म्हणाली. मी तेव्हा गेलो नाही.

मग ते पिक्चर अकोल्याला लागलं. तिथल्या एका टॉकीजची एक रीत होती. पातूर-बाळापूरकडची माणसं संध्याकाळच्या खेळाला यायची आणि त्यांना शेवटची मोटार धरायची असायची. पिक्चर लांब असलं की यंत्रावरचा माणूस एखाद-दुसरं रीळ डब्यातच ठेवायचा. एकदा ठेवलं की मग सगळ्या खेळांना तेच. बहुतेक गाणी जायची, कधी भांडण जायचं. लोकांना हे ठाऊक होतं आणि कोणाची तक्रार नव्हती. गोष्ट चुकली तरी चालेल, मोटार चुकता कामा नये. भाऊजींचा तर दावाच होता की कुठे कापलं ते आपल्याला अंधारात नुसत्या कानाने कळतं, आणि खरोखर ते तायडेंना जागच्या जागी सांगायचे, "अथी गानं होतं. अथी एक बाप मेला." या वेळी मात्र त्या माणसाने शेवटचंच रीळ डब्यात ठेवलं. बाई घराबाहेर पडते, दार धाडकन लागतं, टॉकीजमधले दिवे लागतात. शेवट वाटावा असंच ते होतं. अख्ख्या अकोल्याला वाटलं, आणि भाऊजींच्या कानालाही वाटलं.

त्या पोळ्याला भाऊजी ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "यंदाचं सर्वांत वाईट, दाराचं पिच्चर. बाई गेली त गेली. पुढं काय झालं? बनवनाऱ्याजवळचे पैसे सरले." लोक हसले. ताई बैलापुढे घास घेऊन उभी होती. ती मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई परत येते. तुमी अर्धंच पाह्यलं."

मी तिथे होतो. पोळ्याला मी दर वर्षी जायचो. इतक्या वर्षांत ती त्या ओट्यापुढे पहिल्यांदा बोलली होती. "अमरावतीले म्या सारं पाह्यलं," ती म्हणाली. "बाई परत येते, उंबऱ्यावर बसते. आत नाई जात. म्हनते, बाहेर येऊन साऱ्यायपुढं सांगा, खोटं कोन होतं. अन् तो बाहेर येते. सांगते."

भाऊजींचा अडकित्ता थांबला होता. ज्याला कापलेलं कळतं त्या माणसाला कापलेलं कळलं नव्हतं, आणि हे सांगत होती ती बायको, जी रडायला जाते. एक सुपारी कातरायला लागतो तेवढाच वेळ त्यांनी घेतला, मग हात वर केला आणि झडती म्हटली.

"दार लागलं, दिवे लागले,
तिकिटं आमचे वाया गेले.
घरची म्हनते, बाई परत आली,
सपनात पाह्यलं, झोपीत रडली.
बोला, हर हर महादेव!"

इतका मोठा गजर त्या ओट्यापुढे कधी झाला नसेल. बैल बुजले. भगवान सायकलवाला सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि त्याचं मला नवल वाटलं नाही. ज्याला लोक हसलेले असतात त्याला दुसरा कोणी मिळाला की तो असाच हसतो. ताईने बैलाला घास दिला, त्याच्या कपाळाला हात लावला आणि ती आत गेली. रस्त्यापलीकडे तायडे तेवढे हसले नव्हते. त्या दिवशी ते चहालाही आले नाहीत.

तेव्हापासून गल्लीतल्या बाया तिला 'सपनावाली' म्हणू लागल्या. ताई काही सांगायला लागली, अगदी भाजीचा भाव जरी, तरी कोणीतरी विचारायचं, "सपनात पाह्यलं काय?" मी तिला म्हटलं, "सोडून दे. एक पिच्चर तर होतं." ती म्हणाली, "पिच्चर नाई ते. म्या खोटं बोलली नाई, एवढं त्यायनं त्याच ओट्यावरून सांगाव. बाकी मले काई नाई पाह्यजे." यानंतर तिने तसं पुन्हा कधी म्हटलं नाही. पण तिचं सगळं आयुष्य त्या एका वाक्याची वाट पाहत बसलं हे मला दिसत होतं.

सिनेमाला जाणं तिने सोडलं. भाऊजी दर नव्या पिक्चरला तिचं तिकीट काढून आणायचे आणि चहाच्या डब्याखाली ठेवायचे. ती चहा करताना ते काढायची आणि चुलीत टाकायची. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तायडेंनी एकदा मला सांगितलं, की मध्यंतरात भाऊजी अजूनही शेंगदाण्याची पुडी घेतात, बायकांच्या वर्गाकडे पाहतात आणि मग स्वतःच खातात.

दिवाळीनंतर तेच पिक्चर अमरावतीला दुसऱ्या खेपेला लागलं. ताईचा 'शेवट पाह्यजो' डोक्यात होता, म्हणून मी दुपारच्या खेळाला गेलो. अमरावतीच्या त्या टॉकीजला मोटारीची घाई नव्हती. पाहणारे सगळे गावातलेच. दिवे गेले, पिक्चर सुरू झालं, आणि माझ्या मागून आवाज आला, कट्… कट्. सुपारी कातरणारे वऱ्हाडात हजारो असतील, पण तो आवाज ओळखायला मी उभ्या जन्मात चुकणार नाही. मी मागे वळलो नाही. दार धाडकन लागलं. दिवे लागले नाहीत. पुढे पिक्चर चालू राहिलं. बाई आली, उंबऱ्यावर बसली, आणि ताईने सांगितलं होतं ते शब्दन् शब्द तसंच झालं. नवरा बाहेर आला. शेजारीपाजारी जमलेले. तो म्हणाला, ही खरी होती, खोटा मी. अडकित्ता केव्हाच थांबला होता, तो पुन्हा वाजला नाही.

बाहेर सोडावॉटरच्या गाडीपाशी मी त्यांना गाठलं. घरी सांगून आले होते, कचेरीचं काम आहे. मला पाहून दचकले नाहीत, तेवढा निर्ढावलेपणा होता.

"पाह्यलं ना भाऊजी?" मी विचारलं.

त्यांनी सोडा संपवला, बाटली गाडीवर ठेवली आणि म्हणाले, "काय पाह्यलं? मले काई मालूम नाई मास्तर. माहा डोळा लागला होता."

मी पुढच्याच रविवारी अकोल्याला गेलो आणि ताईला सगळं सांगितलं. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली. "मले मालूम आहे," म्हणाली. "अमरावतीहून आले तेव्हापासून त्यायनं त्या पिच्चरचं नाव नाई काढलं. तू कोनाजवळ बोलू नोको. त्यायलेच बोलू दे."

आणि मग ताईने जे केलं ते भाऊजींनाही कधी सुचलं नसतं. पुढच्या पोळ्याला भाऊजींनी दुसऱ्याच एका पिक्चरवर झडती तयार केली होती. ते ओट्यावर उभे राहिले, तोंड उघडणार, तेवढ्यात ताई दारातून म्हणाली, "दाराचं पिच्चर सांगा ना. त्याच्याहून वाईट कोनतं आलं यंदा?" लोकांना तेच हवं होतं. "हाव, हाव, दाराचं," सगळे ओरडले. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर नीट केला आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. त्यांनी जुनीच झडती म्हटली, सपनात पाह्यलं, झोपीत रडली, आणि लोक तितकेच हसले. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्याच्याही पुढच्या वर्षी. पोळ्याच्या सकाळी ती स्वतःच्या हाताने अडकित्ता राखेने घासून लख्ख करून त्यांच्यापुढे ठेवायची आणि संध्याकाळी दारातून तेच विचारायची. खोटं आहे हे माहीत असलेलं वाक्य माणसाला दर वर्षी सगळ्यांपुढे म्हणायला लावायचं, आणि ते आपल्याच विरुद्ध! आधी ते तोऱ्यात म्हणायचे. मग नुसतं म्हणायचे. शेवटी शेवटी तर आवाज इतका खाली जायचा की लोकच ओळी पुऱ्या करायचे. तायडे त्यांना कचेरीत म्हणाले होते, "एकडाव कबूल करून टाका ना वामनराव, सुटसान." भाऊजी म्हणाले होते, "तिनं विचारनं बंद केलं त करतो." आणि ताई मला म्हणाली होती, "त्यायनं सांगतलं त विचारनं बंद करीन." अशा या दोन माणसांचा संसार. शहाण्या माणसाने त्यात पडू नये, आणि मी पडलो नाही.

भाऊजींना दमा होता. या उन्हाळ्यात तो वाढला आणि पावसाळा लागल्यावर त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, आडवं होता येत नव्हतं. अडकित्ता उशाशी होता. सुपारी बंद होती, तरी हातात घेऊन नुसताच उघडमीट करत होते. ताई स्टुलावर बसून पेज गार करत होती. मला पाहून म्हणाले, "या मास्तर. कसं आहे पिच्चर? लांबलं नाई काय?" मी काहीतरी बोललो. मग बराच वेळ ते श्वासच घेत होते. मग माझ्याकडे नाही, ताईकडे पाहत म्हणाले, "ते पिच्चर… अमरावतीले म्या…"

ताईने चमचा वाटीत ठेवला.

"अथी नोका सांगू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजीवालीला नको म्हणावं तसं. "पोळ्याले सांगा. ओट्यावर."

"पोळा लांब आहे."

"मंग थांबा तोवर."

भाऊजी हसले. खरंच हसले, आणि त्या हसण्याने त्यांना अशी ढास लागली की नर्सला बोलवावं लागलं. मला वाटतं, आपल्या तोडीचं माणूस आपल्याच घरात होतं, हे त्यांना तेव्हा पुरतं कळलं असावं. मी संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परतलो. तार आली ती त्याच आठवड्यात.

यंदाचा पोळा झाला त्याला फार दिवस झालेले नाहीत. मी ताईजवळच होतो. घरात दुखवट्याचं वर्ष, सण नव्हता, पुरण नव्हतं. बैल या गल्लीतून पुढे निघून जातील असं वाटलं होतं. पण बैलांना आणि माणसांना सवय एकच. जोड्या ओट्यापुढे येऊन थांबल्या. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, आणि माणसं एकमेकांकडे पाहत उभी. पुढे काय करायचं कोणालाच कळेना. शेवटी भगवान सायकलवाला, आता त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत, चाचरत म्हणाला, "वयनी… यंदा?"

ताई बाहेर आली. हातात अडकित्ता होता. ओट्यावर भाऊजी उभे राहायचे त्या जागेच्या थोडी अलीकडे ती थांबली.

"यंदाचं मले मालूम नाई," ती म्हणाली. "ते दाराचं सांगाचं राह्यलं आहे. त्या पिच्चरात बाई परत येते. उंबऱ्यावर बसते. मंग तो बाहेर येते."

"हाव वयनी," भगवान लगेच म्हणाला. "येते ना." मग सगळेच म्हणाले, हाव, बराबर आहे, येते. माना हलवू लागले. विधवा बाईला नाही कोण म्हणणार?

"तुमी पाह्यलं?" ताईने विचारलं.

हलणाऱ्या माना थांबल्या.

"नाई पाह्यलं ना? मंग हाव काहून म्हनता? इतके वर्सं हासून राह्यले होते. हासा ना."

कोणी हसलं नाही. रस्त्यापलीकडून सायकल धरून तायडे म्हणाले, "म्या नाई पाह्यलं वयनी. मले नाई सांगता येत." ताईने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. एवढ्या लोकांत तिला तेवढंच उत्तर पटलेलं दिसलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "म्या पाह्यलं आहे ताई. साऱ्यायपुढं सांगतो. तो बाहेर येते."

ती माझ्याकडे वळली. "तुह्यं नाई पाह्यजे मले," म्हणाली.

मग ती घराच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. दार उघडंच होतं. आत भिंतीवरची खुंटी आणि तिच्यावरची भाऊजींची टोपी दिसत होती. ती किती वेळ तशी उभी होती सांगता येणार नाही, पण बैल पाय आपटायला लागले तरी ती हलली नाही. सगळी गल्ली त्या दाराकडे पाहत होती. शेवटी तिने हातातला अडकित्ता मिटला, कट् असा आवाज झाला, आणि तो ऐकून मागच्या कोणीतरी सवयीने हर हर महादेव म्हटलं. जोड्या पुढे निघाल्या.

रजा वाढवून मी अजून अकोल्यालाच आहे. दुपारी जेवणं झाली की आतल्या खोलीतून आवाज येतो, कट्… कट्. ताई सुपारी खात नाही, कधीच खाल्ली नाही. घरात खाणारं दुसरं कोणी नाही. तरी ती कातरत बसते. डबा भरला, मग वाटी भरली, आता काल तिने पितळी काढली. मी काल विचारलं, "कोनासाठी करून राहिली हे?"

अडकित्ता चालूच होता.

"पोळ्यापरेंत थांबाले काय झालं होतं त्यायले," ती म्हणाली.